पायरी चढायची, पण कोणत्या कोर्टाची?

बँकेत लागलेल्या आणि बढतीच्या आशेने बँकिंगची परीक्षा देणाऱ्या प्रत्येकाने 'फोली विरुद्ध हिल' हे नाव एकदा तरी घोकलेले असते. खातेदार बँकेत पैसे ठेवतो तेव्हा ते पैसे बँकेचे होतात. बँक त्यांची विश्वस्त नसते, ऋणको असते, आणि खातेदार हा तिचा धनको. हा सिद्धान्त इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८४८ साली सांगितला आणि आपल्याकडचे बँकिंगही आजतागायत त्याच पायावर उभे आहे. परीक्षेत याच्या चार ओळी लिहिल्या की गुण मिळतात. मीही लिहिल्या, गुण मिळवले आणि विसरलो. त्या फोलीसाहेबांचे पुढे झाले काय, हा प्रश्न निवृत्तीनंतर निवांत बसल्यावर पडला.

झाले ते असे. १८२९ साली त्यांच्या नावे सहा हजारांहून अधिक पौंड बँकेत वेगळ्या खात्यावर ठेवले गेले. बँकेने तीन टक्के व्याज कबूल केले होते. पुढे व्याज खात्यावर जमा दिसेना. १८३८ मध्ये फोली चॅन्सरी कोर्टात गेले. बँक माझी विश्वस्त आहे, तिने मला हिशेब द्यावा, असे त्यांचे म्हणणे. विश्वस्त म्हटले की मुदतीच्या कायद्याची सहा वर्षांची आडकाठीही टळणार होती. दावा चालला, अपिलात गेला, पुन्हा अपिलात गेला आणि दहा वर्षांनी देशातल्या सर्वोच्च न्यायपीठाने निर्णय दिला की हा साधा देण्याघेण्याचा मामला आहे, तो चॅन्सरीत आणायचाच नव्हता. कॉमन लॉच्या कोर्टात न्यायला हवा होता. थोडक्यात, दार चुकले.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे आपण म्हणतो. त्या काळच्या इंग्रज माणसाची अडचण याच्याही अलीकडची होती. चढायची ठरवली तरी पायरी कोणती, हेच त्याला कळत नसे. इंग्लंडच्या वरिष्ठ न्यायालयांचा इतिहास म्हणजे न्यायाधीशांच्या विद्वत्तेचा इतिहास, अशी आपली समजूत असते. मला तो दारांचा इतिहास वाटतो. कोणासाठी कोणते दार उघडे होते, कोणाला ते सापडले नाही आणि किती शतकांनी एकच दार झाले, याचा.

आरंभी दार एकच होते, पण ते फिरते होते. राजा हाच न्यायाधीश आणि राजा सतत गावोगाव हिंडणारा. त्याचा दरबार जिथे तिथे न्याय. गरजूने घोड्यावरून किंवा पायी त्याच्या मागे धावायचे. १२१५ साली सरदारांनी जॉन राजाकडून मॅग्ना कार्टा ही सनद मिळवली, तेव्हा तिच्यात एक अगदी व्यवहारी कलम घातले. प्रजेचे आपापसातले दिवाणी दावे राजाच्या मागे हिंडणार नाहीत, एका ठरावीक जागी चालतील. सनदेतल्या थोर थोर तत्त्वांची आपण नेहमी वाहवा करतो. मला स्वतःला हे कलम जास्त आवडते. ते लिहिणाऱ्याच्या पायाला फोड आले असावेत.

ती ठरावीक जागा म्हणजे लंडनचे वेस्टमिन्स्टर हॉल. अकराव्या शतकाच्या शेवटी विल्यम रूफस राजाने बांधलेले हे दालन आजही उभे आहे. २०२२ साली राणी एलिझाबेथ यांचे पार्थिव ज्या प्रचंड लाकडी छताखाली अंत्यदर्शनासाठी ठेवले होते, तेच हे. या एकाच दालनात शतकानुशतके कॉमन प्लीज, किंग्ज बेंच आणि चॅन्सरी अशी तीन कोर्टे हाकेच्या अंतरावर भरत. मध्ये कमरेइतक्या लाकडी आडभिंती. कडेला पुस्तकविक्यांची दुकाने. चौथे एक्स्चेकर कोर्ट शेजारच्याच खोलीत. आपल्या तालुक्याच्या कचेरीत जी गजबज असते तीच तिथेही असणार.

या एक्स्चेकरबद्दल बँकवाल्याला विशेष जिव्हाळा. मुळात हे राजाचे जमाखर्च खाते. हिशेब करायच्या टेबलावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकटींचे कापड पसरलेले असे आणि त्यावर सोंगट्या सरकवून बेरीज-वजाबाकी होई. पटाच्या फ्रेंच शब्दावरून खात्याला हे नाव पडले. आपण फाडतो त्या चेकच्या इंग्रजी स्पेलिंगवरही याच खात्याची छाप आहे, आणि शब्दांची मुळे खणत गेले तर शेवटी बुद्धिबळातला फारसी 'शाह' हाती लागतो. असो.

मौज पुढेच आहे. ही तिन्ही कॉमन लॉची कोर्टे वेगवेगळ्या कामांसाठी निर्माण झाली होती. पण न्यायाधीशांची आणि कारकुनांची कमाई बऱ्याच अंशी पक्षकारांच्या फीवर असे. मग गिऱ्हाइके पळवण्याची चढाओढ लागली. एक्स्चेकर कोर्टात फक्त राजाच्या वसुलीची प्रकरणे चालायची, पण कुणालाही तिथे यायचे असेल तर वाट काढलेली होती. वादीने लिहायचे की, 'मी राजाचे देणे लागतो. प्रतिवादी माझे पैसे देत नाही म्हणून मला राजाचे देणे फेडता येत नाही.' राजाचे देणे खरोखर आहे का, हे कोणी विचारायचे नाही! किंग्ज बेंचने याहून बहारदार युक्ती काढली. प्रतिवादीने मिडलसेक्स परगण्यात दांडगाई केली, असा एक खोटा आरोप ठेवायचा, त्या नावाखाली त्याला कोर्टाच्या ताब्यात आणायचे आणि एकदा तो ताब्यात आला की उधारीचा खरा दावा चालवायचा. बिचाऱ्याने मिडलसेक्स पाहिलेही नसेल. हे सगळे राजरोस चाले आणि सगळ्यांना ठाऊक असे. कर्जाचा अर्ज मंजूर व्हावा म्हणून 'कारण' या रकान्यात काय काय लिहिले जाते ते मी वर्षानुवर्षे वाचले आहे. त्यामुळे मला यात फारसा धक्का बसला नाही.

पण कॉमन लॉचा खरा दोष लबाडीत नव्हता, ताठरपणात होता. प्रत्येक तक्रारीसाठी ठरावीक नमुन्याचे रिट घ्यावे लागे. नमुना चुकला की दावा बुडाला. तक्रार कोणत्याच नमुन्यात बसत नसेल तर तक्रारच नाही. गहाणाचे उदाहरण घ्या. जमीन गहाण ठेवायची म्हणजे ती सावकाराच्या नावे करून द्यायची, अमुक तारखेला पैसे फेडले की परत मिळेल या अटीवर. तारीख चुकली, एका दिवसाने का होईना, की कॉमन लॉच्या दृष्टीने जमीन गेली. कायमची. वाटेत नदीला पूर आला होता का, घरात मयत झाले होते का, हे विचारायची तिथे सोय नव्हती. तसेच विश्वासावर दिलेल्या मालमत्तेचे. मरणाऱ्याने बायकोमुलांसाठी म्हणून मित्राच्या नावे इस्टेट केली आणि मित्राने ती गिळली, तर कॉमन लॉ म्हणणार, कागद कोणाच्या नावाचा आहे? मित्राच्या. मग बोलणेच खुंटले.

अशा बोलणे खुंटलेल्या माणसांचे अर्ज थेट राजाकडे जाऊ लागले. राजाने ते आपल्या मुख्य सचिवाकडे, म्हणजे लॉर्ड चॅन्सेलरकडे, सोपवायला सुरुवात केली. तो पूर्वी बहुधा धर्मगुरू असे आणि राजाच्या सदसद्विवेकाचा राखणदार मानला जाई. त्याने कागदाकडे न पाहता माणसाकडे पाहायचे. गहाण टाकणारा तारखेनंतरही मुद्दल, व्याज आणि खर्च घेऊन आला तर त्याला जमीन परत मिळाली पाहिजे, असे चॅन्सरीने ठरवले. गिळणाऱ्या मित्राला सांगितले की इस्टेट तुझ्या नावावर असली तरी ती त्या विधवेसाठी आहे. यालाच पुढे 'इक्विटी' हे नाव मिळाले. १८८२ च्या आपल्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातला गहाण सोडवून घेण्याचा हक्क हा याच चॅन्सरीचा वंशज. आपल्या खेड्यापाड्यांत किती जमिनी त्या एका हक्कामुळे मूळ मालकाकडे परत आल्या असतील!

एका दालनात दोन न्याय म्हटल्यावर भांडण अटळ होते. कॉमन लॉच्या कोर्टात जिंकलेल्या माणसाला चॅन्सरी मनाई करी की हुकूमनामा बजावायचा नाही, बजावलास तर तुरुंग. मुख्य न्यायाधीश सर एडवर्ड कोक यांना हे सहन होईना. लॉर्ड चॅन्सेलर एल्समीर हटेनात. १६१६ साली जेम्स राजाने फ्रान्सिस बेकन आदी कायदेपंडितांचा सल्ला घेऊन चॅन्सरीच्या बाजूने कौल दिला, आणि त्याच वर्षी कोक यांची गच्छंती झाली. बेकन स्वतः पुढे लॉर्ड चॅन्सेलर झाले आणि १६२१ मध्ये लाच घेतल्याच्या आरोपावरून पदच्युत झाले. सदसद्विवेकाचे राखणदार!

विवेक फार दिवस एका खात्यात ठेवला की त्यालाही लाल फीत लागते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात चॅन्सरी हे दिरंगाईचे दुसरे नाव झाले. कित्येक वर्षे लॉर्ड चॅन्सेलर हे एकटेच शेवटचा निर्णय देत. लॉर्ड एल्डन हे मधले एक वर्ष सोडता १८०१ ते १८२७ या पदावर होते. माणूस विद्वान आणि सज्जन, पण शंकेखोर. निकाल राखून ठेवायचा आणि तो राखूनच ठेवायचा. दरम्यान इस्टेटीतून वकिलांचा, कारकुनांचा, नकलांचा खर्च वजा होत राही. चार्ल्स डिकन्स यांनी 'ब्लीक हाउस' या १८५२-५३ च्या कादंबरीत असा एक पिढ्यान्‌पिढ्या चाललेला दावा रंगवला आहे. त्यात अतिशयोक्ती असल्याची तक्रार तेव्हा झाली. पण डिकन्स अनुभवाचे बोलत होते. 'अ ख्रिसमस कॅरोल' या त्यांच्या गोष्टीची चोरून आवृत्ती काढणाऱ्यांवर त्यांनी १८४४ मध्ये चॅन्सरीत दावा लावला आणि जिंकला. चोरांनी दिवाळे काढले आणि खर्च जिंकलेल्या डिकन्स यांच्या अंगावर पडला.

लोकांचा राग, वर्तमानपत्रांचा रेटा आणि व्यापाऱ्यांची निकड, या सगळ्यांतून अखेर लॉर्ड सेल्बोर्न यांनी १८७३ चा कायदा आणला. १ नोव्हेंबर १८७५ पासून जुनी सगळी वरिष्ठ कोर्टे जाऊन एक हायकोर्ट आले आणि त्याच्यावर एक अपील न्यायालय. एकाच न्यायाधीशाने कॉमन लॉही पाहायचा आणि इक्विटीही. दोन्हींत विरोध येईल तिथे इक्विटीचे चालेल, असे कायद्यातच लिहून टाकले. दार चुकले म्हणून परत जा, हे सांगण्याची सोय उरली नाही. फोली तेव्हा कोर्टात गेले असते तर पैसे मिळाले असते की नाही कोण जाणे, पण उत्तर तरी दहा वर्षांच्या आत मिळाले असते.

इथे मुंबईने लंडनवर जरा कुरघोडी केलेली आहे. मुंबईतही राजाचे सुप्रीम कोर्ट वेगळे आणि कंपनीची सदर अदालत वेगळी, अशी दोन दारे होती. ती १८६२ सालीच एक होऊन मुंबई हायकोर्ट झाले. 'ओरिजिनल साइड' आणि 'अपेलेट साइड' हे शब्द आपले वकील वापरतात, ती त्या दोन दारांची उरलेली चौकट. इमारतीच्या बाबतीतही तेच. आपले गॉथिक हायकोर्ट १८७८ मध्ये पुरे झाले. लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावरच्या गॉथिक न्यायमंदिराचे उद्‍घाटन व्हिक्टोरिया राणीने केले ते १८८२ च्या डिसेंबरात. त्याचे वास्तुशिल्पी जॉर्ज स्ट्रीट काम संपण्याआधीच वारले होते.

त्याच स्ट्रँडवरच्या कोर्टात १९१९ च्या आरंभी लोकमान्य टिळकांचा दावा चालला. 'इंडियन अनरेस्ट' या पुस्तकातल्या बदनामीबद्दल त्यांनी व्हॅलेंटाइन चिरोल यांना किंग्ज बेंचमध्ये खेचले होते. टिळकांकडून सर जॉन सायमन, चिरोलकडून सर एडवर्ड कार्सन. ज्युरी अर्थातच इंग्रज. निकाल विरुद्ध गेला आणि खर्चाचा डोंगर उभा राहिला, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. पण चार वर्षे आधी, १९१५ मध्ये, ताई महाराज प्रकरणात लंडनच्याच प्रिव्ही कौन्सिलने टिळकांच्या बाजूने निकाल दिला होता. हायकोर्ट आणि प्रिव्ही कौन्सिल या अगदी वेगळ्या शाखा. पहिले इंग्लंडच्या लोकांचे कोर्ट, दुसरी साम्राज्यभरच्या अपिलांसाठी राजाची सल्लागार समिती.

हायकोर्टाचे आज तीन विभाग आहेत. किंग्ज बेंच (राजा गादीवर असला की किंग्ज, राणी असली की क्वीन्स, २०२२ पासून पुन्हा किंग्ज), चॅन्सरी आणि फॅमिली. फौजदारी मोठे खटले १९७२ पासून क्राउन कोर्टात चालतात. वर अपील न्यायालय. त्याच्या दिवाणी बाजूच्या प्रमुखाचे पदनाम 'मास्टर ऑफ द रोल्स', म्हणजे मूळचा दप्तरदार. लॉर्ड डेनिंग यांनी हाउस ऑफ लॉर्ड्समधली जागा सोडून १९६२ मध्ये हे खालचे पद पत्करले आणि वीस वर्षे गाजवले. वर पाचांत एक होण्यापेक्षा खाली तिघांत एक होणे त्यांना सोयीचे वाटले. बहुसंख्य दाव्यांचा शेवट याच कोर्टात होतो, वर फार थोडे जातात. खातेदाराची माहिती बँकेने बाहेर फोडायची नाही, हा आम्हा मंडळींच्या नोकरीचा पहिला नियमही १९२४ साली याच कोर्टाने बांधून दिला. एका मॅनेजरने खातेदाराच्या साहेबाला फोनवर सांगून टाकले होते की तुमच्या माणसाचे पैसे जुगाराच्या आकडेवाल्याकडे जातात. माणसाची नोकरी गेली.

दिवाणी दारे अशी एक झाली, पण फौजदारी बाजूला वर जायला दारच नव्हते, हे वाचून मी चरकलो. काही पौंडांच्या उधारीसाठी माणूस अपिलामागून अपील करू शके. तुरुंगात, फार काय फासावर, जाणाऱ्याला मात्र ज्युरीने चूक केली असे म्हणायला जागा नव्हती. एखादा कायद्याचा मुद्दा न्यायाधीशाने स्वतःहून राखून ठेवला तर तेवढाच वर जाई. १८९६ मध्ये ॲडॉल्फ बेक नावाच्या माणसाला बायकांना फसवून दागिने लुबाडल्याबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली. अनेक बायकांनी तोच हा म्हणून ओळखला. पोलिसांच्या मते १८७७ साली 'जॉन स्मिथ' या नावाने शिक्षा झालेला ठकही हाच. १८९८ मध्ये तुरुंगाचे जुने कागद पाहता लक्षात आले की स्मिथच्या शरीरावरची एक खूण बेकच्या शरीरावर नाही, तेव्हा तो हा नव्हे. मग काय केले? कैद्याचा नंबर बदलला! शिक्षा तशीच राहिली. सुटून आल्यावर १९०४ मध्ये पुन्हा तोच आरोप, पुन्हा बायकांनी ओळखले, पुन्हा ज्युरीने दोषी ठरवले. न्यायाधीशांना शंका आली म्हणून शिक्षा सुनावणे लांबले, आणि त्या दिवसांत खरा ठक पकडला गेला. बेकला माफी मिळाली. न केलेल्या गुन्ह्याची माफी! वर ५,००० पौंड. या प्रकरणाने एवढी खळबळ माजली की १९०७ मध्ये फौजदारी अपिलाचे कोर्ट निघाले. ते १९६६ पासून अपील न्यायालयाचाच भाग आहे. पण बेक सुटला तो कोणत्याही कोर्टामुळे नव्हे, योगायोगाने.

आता सगळ्यात वरचा मजला. हाउस ऑफ लॉर्ड्स हे संसदेचे वरचे सभागृह आणि तेच देशाचे शेवटचे कोर्ट, हा प्रकार परक्या माणसाला कळायला अवघड. एकोणिसाव्या शतकापर्यंत कायद्याचा गंधही नसलेल्या सरदाराला अपिलात मत देता येत असे. १८४४ मध्ये आयर्लंडचे नेते डॅनियल ओकॉनेल यांचे अपील आले. कायदेपंडित लॉर्डांत तीन विरुद्ध दोन असा कौल त्यांच्या बाजूने होता. इतर सरदारांनी हात वर केले असते तर ते तुरुंगातच राहिले असते. पण त्यांतल्याच एका मंत्र्याने विनवले की आपण मत देऊ नये, नाहीतर या कोर्टाची अब्रू जाईल. सरदार उठून गेले आणि ओकॉनेल सुटले. पायंडा पडला. सेल्बोर्न यांच्या कायद्याने लॉर्डांचे हे काम काढूनच घेतले होते, पण अंमल होण्याआधी सरकार बदलले आणि १८७६ मध्ये ते परत मिळाले, मात्र पगारी न्यायाधीश-लॉर्ड नेमून. पुढची १३३ वर्षे तेच चालले. लॉर्ड चॅन्सेलर तर एकाच वेळी मंत्री, सभापती आणि न्यायाधीश असत.

२००५ च्या कायद्याने हे संपले. १ ऑक्टोबर २००९ रोजी युनायटेड किंगडमचे सुप्रीम कोर्ट स्वतःच्या इमारतीत सुरू झाले. बारा न्यायाधीश. इमारत पार्लमेंट चौकातली मिडलसेक्स गिल्डहॉल. होय, तेच मिडलसेक्स. संसदेचा कायदा रद्द करण्याचा अधिकार मात्र या कोर्टाला नाही. तिथे आपले सुप्रीम कोर्ट जास्त बलवान. याच इमारतीत प्रिव्ही कौन्सिलही बसते. आपली अपिले तिथे जाणे १९४९ मध्ये थांबले, पण मॉरिशसची अजून जातात. तिथल्या मराठी माणसाचा खटला शेवटपर्यंत गेलाच तर तो आजही लंडनलाच जाणार.

नव्या कोर्टाने पंतप्रधानांनी संसद तहकूब केल्याचे प्रकरण २०१९ मध्ये अकरा विरुद्ध शून्य असे बेकायदा ठरवले, त्याचा गाजावाजा जगभर झाला. मला त्याआधीचा, २६ जुलै २०१७ चा निकाल जास्त मोलाचा वाटतो. नोकरीवरून अन्यायाने काढले, पगार बुडवला, अशा तक्रारी चालवणाऱ्या न्यायाधिकरणांत २०१३ पासून सरकारने फी लावली होती. काही प्रकारच्या तक्रारींना एकूण १,२०० पौंड. तक्रारींची संख्या धाडकन खाली आली. सफाई कामगाराने वा कारकुनाने ही रक्कम आणायची कुठून? एक कामगार संघटना सुप्रीम कोर्टापर्यंत लढली. सात न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की कोर्टाचे दार सामान्य माणसाला परवडणार नाही इतके महाग करणे बेकायदा आहे, आणि त्यासाठी थेट मॅग्ना कार्टापर्यंतचे दाखले दिले. फी त्या दिवसापासून बंद झाली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरापासून सरकारने चार वर्षांत गोळा केलेली रक्कम लोकांना परत करायला सुरुवात केली. व्याजासकट.